मधुमेही ज्येष्ठांना फ्लूची लस साखरेच्या गोळ्यांसोबतच मिळायला हवी

जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत महाराष्ट्रातल्या रुग्णालयांच्या मेडिसिन वॉर्डांत साठी ओलांडलेल्या रुग्णांची गर्दी वाढते. केसपेपरवर भरतीची कारणे निरनिराळी लिहिलेली असतात: न्यूमोनिया, अनियंत्रित साखर, हृदयाचे पंपिंग कमी झाले, मूत्रपिंडावर ताण आला, रुग्ण असंबद्ध बोलतो आहे. नातेवाइकांना शांतपणे विचारले, तर यांतल्या काहींच्या आजाराची सुरुवात चार-सहा दिवसांपूर्वी घसादुखी, कणकण आणि खोकल्याने झाली होती, आणि त्याआधी घरातल्या नातवाला ताप येऊन गेला होता, असे कळते. तरीही फ्लूचा उल्लेख त्या कागदावर क्वचितच सापडतो. स्वॅब घेतलेला नसतो, आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी लशीबद्दलची एक ओळ त्याच्या डिस्चार्ज कार्डावर नसते. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना हे दुर्लक्ष सर्वांत महागात पडते. म्हणून फ्लूपासूनचे संरक्षण हा मधुमेहाच्या नेहमीच्या उपचाराचाच भाग मानला जावा, आणि ज्या सरकारी केंद्रातून या लोकांना दरमहा साखरेच्या गोळ्या मिळतात त्याच केंद्रातून त्यांना दरवर्षी फ्लूची लस मिळावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आपल्याकडे मधुमेह किती पसरला आहे हे आता कुणाला सांगावे लागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या पाहणीत सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच साठीच्या पुढची लोकसंख्या दहा टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. म्हातारपण आणि मधुमेह एकत्र असणे ही आता घरोघरची गोष्ट आहे.

फ्लूकडे मात्र आपण अजूनही साथ म्हणूनच पाहतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, तो स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी होता. त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा, बंद झालेल्या शाळा आणि दुकानांतून संपलेले मास्क पुणेकर विसरलेले नाहीत. तोच एच१एन१ विषाणू पुढे नेहमीचा हंगामी विषाणू होऊन आपल्यात राहिला. २०१५ मध्ये देशात त्याचे ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास तीन हजार मृत्यू झाले. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात पावणेआठशेच्या आसपास मृत्यूंची नोंद झाली. शिवाय हे आकडे फक्त स्वॅब घेतलेल्या आणि प्रयोगशाळेत निदान पक्के झालेल्या रुग्णांचे आहेत. फ्लूने सुरू झालेला आणि आठवड्याभराने हृदयविकाराच्या झटक्यात किंवा मूत्रपिंड निकामी होण्यात संपलेला आजार या मोजणीत येत नाही. २०१० ते २०१३ या वर्षांतल्या मृत्यूंच्या नोंदींवरून संशोधकांनी जो अंदाज बांधला, त्यात भारतात फ्लूशी संबंधित श्वसनाच्या आणि रक्ताभिसरणाच्या आजारांनी होणारे मृत्यू वर्षाला सव्वा लाखाच्या घरात जातात, आणि मृत्यूचा दर पासष्टीपुढच्या वयोगटात सर्वांत जास्त आहे. नोंद झालेले मृत्यू आणि अंदाजातले मृत्यू यांच्यातल्या दरीत प्रामुख्याने म्हातारी माणसेच आहेत.

मधुमेही शरीरात फ्लू का चिघळतो, याची कारणे वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहेत. रक्तातली साखर दीर्घकाळ वाढलेली असली की जंतूंवर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, त्यांची जंतू गिळण्याची क्षमता कमी होते आणि श्वसनमार्गाच्या आतल्या आवरणाची राखण ढिली पडते. विषाणूने ते आवरण खरवडले की मागोमाग न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस यांसारखे जिवाणू फुप्फुसात उतरतात. दुसरीकडे तापाच्या ताणाने कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन वाढते, ही संप्रेरके इन्शुलिनचा परिणाम कमी करतात, आणि साखर आणखी वर जाते. म्हणजे साखरेमुळे संसर्ग बळावतो आणि संसर्गामुळे साखर बळावते, आणि या दोन टोकांत सापडलेल्या सत्तरीच्या माणसाकडे तरुणासारखी राखीव ताकद नसते. २००९ च्या साथीनंतर कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा मधुमेहामुळे रुग्णालयात भरती होण्याचा धोका तिपटीने वाढल्याचे आणि भरती झालेल्यांमध्ये अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका चौपटीने वाढल्याचे दिसले.

घरी काय घडते, तेही नेमके पाहायला हवे. वृद्ध माणसाला फ्लूमध्ये फणफणून ताप येईलच असे नाही. आजी जेवणाला नाही म्हणतात, दिवसभर पडून राहतात, बाथरूमला जाताना तोल जातो, रात्री मुलाला हाक मारताना नाव चुकते. घरचे म्हणतात, वयोमानाने होते आहे, किंवा शुगर वाढली असेल. जेवण बंद असते, पण साखर उतरवणारी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नियमाने दिली जाते, आणि साखर वाढण्याऐवजी एकदम खाली येते. दुसऱ्या घरी उलट घडते: शेजारच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचे सलाईन लावलेले असते आणि संध्याकाळी ग्लुकोमीटरवर आकड्याऐवजी ‘हाय’ अशी अक्षरे येतात. मधुमेहासाठी अलीकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या उपाशीपोटी आणि तापात चालू ठेवल्या, तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते, आणि मूत्रपिंड दमलेले असताना मेटफॉर्मिनही त्रासदायक ठरू शकते. आजारपणात कोणती गोळी थांबवायची, कोणती चालू ठेवायची आणि साखर दिवसातून किती वेळा तपासायची, हे लिहिलेला साधा कागद मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये असायला हवा. तो बहुतेकांकडे नसतो. आजार अंगावर काढण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण इथे ती केवळ सवय राहत नाही, कारण फ्लूवरच्या औषधाचा सर्वाधिक उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो आणि नेमके तेच तास वयोमानाच्या खात्यावर लिहून संपवले जातात.

ते औषध म्हणजे ओसेल्टामिविर. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या रुग्णांचे अ, ब आणि क असे वर्ग केलेले आहेत. सौम्य लक्षणांचा सर्वसाधारण रुग्ण अ वर्गात येतो आणि त्याला ना तपासणी लागते ना हे औषध. मात्र पासष्टीपुढची व्यक्ती, गर्भवती, आणि मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसाचे किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेली व्यक्ती यांना सौम्य लक्षणे असली तरी ब वर्गात धरून, तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिविर सुरू करावे, असे त्या सूचना सांगतात. धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब खाली जाणे ही लक्षणे दिसली की रुग्ण क वर्गात जातो, म्हणजे भरती, स्वॅब आणि औषध तिन्ही ताबडतोब. पूर्वी हे औषध मोजक्याच परवानाधारक दुकानांत मिळत असे. २०१७ मध्ये त्यावरचे निर्बंध सैल होऊन ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सर्वसाधारण औषध दुकानांतही मिळू लागले. म्हणजे नियम आहे, औषध आहे, आणि कोविडनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत आरटीपीसीआर करणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. तरीही सत्तर वर्षांच्या मधुमेही रुग्णाला पाच दिवस आधी अ‍ॅझिथ्रोमायसिन, मग दुसरे प्रतिजैविक, मग तिसरे असे देत नेले जाते आणि विषाणूवरचे औषध आठवते ते ऑक्सिजन लागल्यावर.

भरती झालेल्या रुग्णांमध्ये ओसेल्टामिविर मृत्यू किती टाळते याचा पुरावा हवा तितका भक्कम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत गंभीर फ्लूसाठी त्याची शिफारस केली, पण सशर्त. हे मान्य करूनही मला वाटते की जोखीम इतकी मोठी आणि औषध इतके परिचित असताना उशीर करण्याला आधार राहत नाही. मूत्रपिंडाचे काम कमी झाले असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि मधुमेही ज्येष्ठांमध्ये हे नेहमीचेच असल्याने क्रिएटिनिन पाहूनच ती ठरवायला हवी. त्याच सूचनांत गंभीर फ्लूमध्ये स्टिरॉइड न देण्याची शिफारसही आहे, आणि महाराष्ट्राने ती विशेष गांभीर्याने घ्यायला हवी. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत बेसुमार स्टिरॉइड आणि बेसुमार साखर एकत्र आल्यावर म्युकरमायकोसिसने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे आपल्या राज्यातल्या कान-नाक-घसा विभागांनी पाहिले आहे. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला स्टिरॉइड उपयोगी ठरले, म्हणून प्रत्येक विषाणूजन्य न्यूमोनियात ते द्यायचे, ही सवय त्या काळानंतर अनेक ठिकाणी राहून गेली आहे. ती मोडायला हवी.

वॉर्डातल्या साखरेबद्दलही दोन शब्द. भरती रुग्णाची साखर साधारण १४० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवावी, हे आता सर्वमान्य आहे. व्यवहारात मात्र पलंगाला अडकवलेल्या तक्त्यावर पुष्कळदा एवढेच असते की साखर मोजायची आणि आकडा वाढलेला दिसला की त्या प्रमाणात इन्शुलिन टोचायचे. वाढ झाल्यावर तिच्या मागे धावण्याची ही पद्धत वृद्ध रुग्णाला दिवसभर वर-खाली झुलवत ठेवते. पहाटे तीन वाजता साखर साठच्या खाली गेली, आणि रुग्ण आधीच गुंगीत असला, तर ते रात्रपाळीच्या एकट्या परिचारिकेच्या लक्षात येणे कठीण असते. चाळीस खाटांचा वॉर्ड तिच्या एकटीवर असेल तर दोष तिला देता येणार नाही. दिवसभर टिकणारे मूळ इन्शुलिन आणि जेवणाप्रमाणे द्यायचे इन्शुलिन अशी आखणी केली, आणि रुग्णाने ताट अर्धे ठेवले की मात्राही कमी करायची हे ठरवून दिले, तर फ्लूइतकाच धोकादायक असलेला हा दुसरा धोका टळतो.

हृदयाचा विचार इथेच करायला हवा, कारण फ्लूचा सर्वांत मोठा घाव कित्येकदा फुप्फुसाबाहेर बसतो. कॅनडातल्याच ओंटारियो प्रांतातल्या रुग्णांवर आधारित एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने भरती होण्याचे प्रमाण इतर काळाच्या सहापट होते. मधुमेहात नसांवर परिणाम झालेला असल्याने झटका आला तरी छातीत कळ येतेच असे नाही. घाम येतो, मळमळते, दम लागतो, आणि हे सगळे फ्लूच्याच नावावर जाते. आणि पंधरा दिवस खाटेवर काढून घरी आलेला माणूस आधी जसा जिना चढत होता तसा चढेलच याची खात्री नसते. या वयात आठवडाभर पडून राहिले की मांड्यांचे स्नायू झपाट्याने झडतात. स्वतः बाजारात जाणारी व्यक्ती काठीवर येते, काठीवर असलेली खाटेवर येते, आणि त्या घरातल्या एका बाईची नोकरी किंवा शेतातले काम सुटते. सरकारी आकडेवारीत हा खर्च कुठेच लिहिला जात नाही.

मग लशीचा कितपत उपयोग आहे? विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला बसलेल्या वर्षी डॉक्टरकडे जावे लागण्याइतका फ्लू टाळण्यात तिचा प्रभाव ४० ते ६० टक्के असतो, आणि वृद्धांत तो साधारणपणे यापेक्षा कमी असतो. पण इथे प्रश्न सर्दी-खोकला टाळण्याचा नसून भरती आणि मृत्यू टाळण्याचा आहे. इंग्लंडमधल्या टाइप-२ मधुमेहाच्या सव्वा लाखाच्या आसपास रुग्णांच्या सात वर्षांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूच्या हंगामात लस घेतलेल्यांमध्ये पक्षाघातामुळे होणारी भरती ३० टक्क्यांनी, हृदय अकार्यक्षम झाल्यामुळे होणारी भरती २२ टक्क्यांनी, न्यूमोनिया किंवा फ्लूची भरती १५ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू २४ टक्क्यांनी कमी आढळले. अशा अभ्यासांवर एक रास्त आक्षेप असतो: आपणहून लस घेणारी माणसे एरवीही स्वतःची काळजी घेणारी असतात, त्यामुळे सगळे श्रेय लशीला देता येत नाही. संशोधकांनी हा परिणाम वजा करण्याचा प्रयत्न केला होता, पण तो पूर्ण वजा होतो असे मी म्हणणार नाही. म्हणूनच मला दुसरा पुरावा अधिक मोलाचा वाटतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णालयातच, तीन दिवसांच्या आत, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्म्या रुग्णांना फ्लूची लस आणि उरलेल्यांना निव्वळ मिठाचे पाणी टोचले गेले. स्वीडनच्या पुढाकाराने आठ देशांत झालेल्या, आणि आपल्या शेजारच्या बांगलादेशानेही भाग घेतलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वर्षभरात लस न मिळालेल्या गटात ४.९ टक्के रुग्ण दगावले, लस मिळालेल्या गटात २.९ टक्के. ही चाचणी खास मधुमेहींची नव्हती, पण आपल्याकडे झटका येऊन भरती होणाऱ्यांत मधुमेही किती असतात हे पाहिले तर तिचा अर्थ आपल्याला थेट लागू होतो.

ज्येष्ठांसाठीच्या जास्त मात्रेच्या लशीची वाट पाहावी का, असेही विचारले जाते. डेन्मार्कमध्ये तीन लाखांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले, न्यूमोनिया आणि फ्लू मिळून होणारी भरती नेहमीच्या लशीच्या तुलनेत लक्षणीय कमी झाल्याचे दिसले नाही. केवळ फ्लूच्या भरतीत काही फायदा असावा असे सूचित झाले. आपल्यासारख्या राज्याने यातून घ्यायचा बोध असा की महागड्या लशीसाठी खोळंबून राहू नये. साधी, मृत विषाणूपासून केलेली लस वेळेवर दिली तरी सुरुवातीला पुष्कळ झाले.

आता पैशाचा प्रश्न. खासगी दवाखान्यात ही लस घ्यायला साधारण दीड-दोन हजार रुपये पडतात, आणि दरवर्षी पडतात. निवृत्तिवेतन नसलेल्या शेतमजूर जोडप्याला हे परवडणारे नाही. केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही. महाराष्ट्राने २०१५ पासून गर्भवती, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना मोफत लस देण्याचे पाऊल उचलले, आणि देशात याबाबत आपण पुढे होतो याचा मला अभिमान वाटतो. पण ही लस ऐच्छिक ठेवली गेली, म्हणजे जो मागेल त्याला. मागायला आधी ती आहे हे ठाऊक असावे लागते. गोळ्या घ्यायला दरमहा केंद्रात येणाऱ्या रुग्णाला तिथे कुणी लशीचे नाव काढत नसेल, तर ती योजना त्याच्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येणार नाही.

दुसरीकडे ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. निर्णय चांगलाच आहे. पण त्यामुळे अतिदक्षता विभागातल्या दहा दिवसांचे बिल सरकार भरणार, आणि ते दहा दिवस टाळू शकणारी लस मात्र, मोफत मिळते हे ठाऊक नसलेल्या रुग्णाने स्वतःच्या खिशातून घ्यायची, अशी विसंगत रचना उभी राहिली आहे. समजा, राज्यातल्या साठीपुढच्या १५ लाख मधुमेहींपासून सुरुवात केली आणि घाऊक खरेदीत मात्रेमागे ५०० रुपये धरले, तर खर्च ७५ कोटींचा होतो. राज्याच्या आरोग्य अर्थसंकल्पात ही रक्कम मोठी नाही. क्षयरोग, डेंग्यू, सर्पदंश, कुपोषण यांना आधी पैसे हवेत, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. पण आपण ७५ कोटी वाचवतो आहोत हा समज चुकीचा आहे. तेवढे किंवा त्याहून अधिक पैसे आपण आजही खर्च करतोच, फक्त ते विम्याच्या दाव्यांत, व्हेंटिलेटरच्या भाड्यात आणि विकलेल्या दागिन्यांत विखुरलेले असल्याने एका ओळीत दिसत नाहीत.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, आणि मला सर्वांत जास्त हळहळ याचीच वाटते. प्राथमिक आरोग्य केंद्रात असंसर्गजन्य आजारांची ओपीडी चालते. तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती आशाताई घरोघर जाऊन फॉर्मवर भरून आणतात. कोणाला मधुमेह आहे, कोणाला रक्तदाब आहे, याची यादी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे गावानुसार असते. त्याच इमारतीत बालकांच्या लशी दोन ते आठ अंश तापमानात ठेवणारा आयएलआर फ्रीज असतो, आणि लस टोचण्यात वर्षानुवर्षे हात बसलेल्या एएनएम ताई असतात. म्हणजे रुग्णांची यादी, लस ठेवायची जागा आणि ती टोचणारी व्यक्ती एकाच छपराखाली आहेत. एप्रिल-मे महिन्यात गोळ्या घ्यायला आलेल्या प्रत्येक साठीपुढच्या रुग्णाच्या दंडावर लस द्यायची, त्याच्या कार्डावर तारीख लिहायची, आणि जे आले नाहीत त्यांच्या नावांची चिठ्ठी आशाताईंकडे द्यायची, एवढेच हे काम आहे. अर्थात, आशाताईंवर आणखी एक काम टाकताना त्याचा मोबदला वेगळा द्यायला हवा. फुकटच्या कामाची अपेक्षा त्यांच्याकडून आधीच पुष्कळ झाली आहे.

एप्रिल-मे का, हे स्पष्ट करायला हवे, कारण या बाबतीत डॉक्टरांमध्येही गोंधळ आढळतो. युरोप-अमेरिकेच्या धर्तीवर ऑक्टोबरमध्ये लस घेण्याचा सल्ला आपल्याकडे अनेकदा दिला जातो. पण देशातल्या निगराणी केंद्रांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात वाढतो आणि चेन्नईकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मात्र पुणे, नागपूर, दिल्ली, कोलकाता अशा बहुतेक ठिकाणी तो जुलै ते सप्टेंबरदरम्यान शिखरावर असतो. लशीचे संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ते ओसरू लागते. ऑक्टोबरमध्ये घेतलेली लस पुढच्या ऑगस्टपर्यंत बरीच क्षीण झालेली असते. जानेवारी ते मार्चमध्येही आपल्याकडे फ्लूची दुसरी, बहुधा लहान लाट येते. २०२३ च्या मार्चमधली एच३एन२ ची लाट अनेकांना आठवत असेल. तरीही एकच मात्रा द्यायची असेल तर ती पावसाळ्याच्या तोंडावर द्यावी.

या वेळापत्रकाला महाराष्ट्रात एक खास कारणही आहे. आषाढी वारीसाठी लाखो माणसे तीन आठवडे एकत्र चालतात, एकत्र जेवतात, तंबूत आणि शाळेच्या वर्गात दाटीने झोपतात, आणि त्यांत साठी-सत्तरीचे वारकरी फार मोठ्या संख्येने असतात. दिवसभर पावसात भिजणे, वेळी-अवेळी जेवण, गोळ्यांची पुडी घरी राहणे, आणि त्यात पावसाळी फ्लूची सुरुवात. राज्याचा आरोग्य विभाग अलीकडे ‘आरोग्याची वारी पंढरीच्या दारी’ या मोहिमेतून पालखी मार्गावर तपासणी आणि औषधे देतो, त्यात साखरही तपासली जाते. ही सेवा मनापासून स्तुत्य आहे. तिला जोडून, दिंड्या निघण्यापूर्वी महिनाभर गावोगावच्या मधुमेही वारकऱ्यांना लस दिली, तर ती मोहीम आजारी पडल्यावरच्या उपचारांपुरती राहणार नाही. दिंडीप्रमुखांनी एक शब्द टाकला तर लशीबद्दलचा संकोच जितका दूर होईल तितका तो शंभर फलकांनी होणार नाही.

संकोच आहे, हे नाकारता येणार नाही. कोविडच्या लशीनंतर पसरलेल्या अफवांनी तो वाढवला आहे. लस घेतल्यावर फ्लू होतो, ही समजूत चुकीची आहे. या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखणे, एक-दोन दिवस अंग कसकसणे हे होऊ शकते, आणि ते आधीच सांगितले तर माणसे बिचकत नाहीत. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हेही सांगायलाच हवे. ते न सांगता लस टोचली की पहिल्या खोकल्यासरशी विश्वास उडतो आणि पुढच्या वर्षी तो रुग्ण पाठ फिरवतो.

रुग्णालयांनी करायचे काम वेगळे आहे. मधुमेही ज्येष्ठ रुग्ण कोणत्याही कारणाने भरती झाला आणि घरी जाण्याइतका बरा झाला, की त्याला सोडण्यापूर्वी फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस दिली आहे का, हे डिस्चार्ज कार्डावर छापील रकान्यात असावे. पायाच्या जखमेसाठी आलेला असो वा मोतीबिंदूसाठी, एवढी हक्काची भेट वर्षभरात पुन्हा होत नाही. पावसाळ्यात श्वसनाच्या त्रासाने किंवा अचानक बिघडलेल्या साखरेने भरती होणाऱ्या प्रत्येक साठीपुढच्या मधुमेह्याचा स्वॅब पहिल्या दिवशी घ्यावा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांनी अशा भरतीच्या खर्चात त्या तपासणीचा स्पष्ट समावेश करावा. पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था असलेल्या राज्याला आपल्या मधुमेही वृद्धांपैकी किती जण दरवर्षी फ्लूने भरती होतात, याचे उत्तर जिल्हानिहाय देता आले पाहिजे.

आणि खरेदी वेळेत व्हायला हवी. एप्रिल-मेमध्ये द्यायची ताजी लस म्हणजे दक्षिण गोलार्धासाठी बनवलेली लस, आणि तिच्यात कोणते विषाणू घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जाहीर करते. एप्रिलमध्ये केंद्रांवर लस हवी असेल तर राज्याने मागणी त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत नोंदवायला हवी आणि निविदा डिसेंबरच्या आत निघायला हवी. साथीच्या बातम्या आल्यावर ऑगस्टमध्ये काढलेल्या निविदेची लस हंगाम ओसरल्यावर हाती येते. येत्या अर्थसंकल्पात साठीपुढच्या मधुमेहींच्या फ्लू लशीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, पहिल्या वर्षी ती मधुमेहाचे प्रमाण जास्त असलेल्या शहरी भागांत आणि पालखी मार्गावरच्या जिल्ह्यांत द्यावी, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यातल्या भरतीचे आकडे विधिमंडळासमोर ठेवून पुढचा विस्तार ठरवावा.